संगणक जुना, प्रणाली नवी : अडते कोठे आणि का?

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, जात पडताळणीची कागदपत्रे, सातबाराचा उतारा, यांपैकी कोणतेही काम आज संगणकावाचून पुरे होत नाही. मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर लांबलचक अर्ज भरताना मुलांची किती दमछाक होते, हे आपण सर्वच जण पाहतो. म्हणूनच कार्यालयांनी बदलून टाकलेले जुने संगणक अभ्यासिकांत, शाळांत आणि विद्यार्थ्यांच्या घरी येऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट होय. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. तिच्या जागी येणाऱ्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही ठराविक यादीतलाच लागतो. त्यामुळे हातीपायी धड असलेले असंख्य संगणक एका तारखेने कालबाह्य ठरले. अशा संगणकावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली टाकावी आणि तो आणखी काही वर्षे वापरावा, हा सरळ विचार आहे.

पण विचार सरळ असला तरी वाट सरळ असतेच असे नाही. पेनड्राइव्ह लावला जातो, पडद्यावर यादी उमटते, कोणीतरी उत्साहाने 'इन्स्टॉल' निवडतो आणि पडदा काळा पडतो. कधी पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी येऊन मशीन गोठते, कधी आपोआप पुन्हा सुरू होते, कधी सर्व काम पुरे होऊनही दुसऱ्या दिवशी 'डिस्क सापडत नाही' असे म्हणते. मग निकाल दिला जातो : मदरबोर्ड गेला, मशीन भंगारात घाला. आमचे म्हणणे असे की हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. यंत्र धड असते, नवी प्रणालीही धड असते. त्या दोघांच्या मध्ये बसलेला एक जुना मध्यस्थ काहीतरी चुकीचे सांगत असतो. त्या मध्यस्थाचे नाव फर्मवेअर. त्याची ओळख करून देणे आणि त्याच्याशी कसे वागावे हे सांगणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फर्मवेअर म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबल्याबरोबर विंडोज किंवा लिनक्स सुरू होत नाही. त्या आधी मदरबोर्डावरील एका छोट्या चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला कार्यक्रम चालू होतो. तो मेमरी किती आहे ते पाहतो, कीबोर्ड, डिस्क, पडदा यांना जागे करतो, प्रणाली कोठे ठेवली आहे ते शोधतो आणि कारभार तिच्या हवाली करतो. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी बाजारात आणला तेव्हापासून या कार्यक्रमास 'बायोस' असे नाव आहे. पुढे इंटेलने ईएफआय नावाची नवी पद्धत आखली, तिचेच २००५ पासून यूईएफआय झाले. साधारण २०१२ नंतरच्या संगणकांत, म्हणजे विंडोज ८ च्या काळापासून, बहुतेक ठिकाणी यूईएफआयच आढळते. बोलण्यात मात्र लोक दोन्हींना बायोसच म्हणतात.

आता महत्त्वाचा भाग असा की, कारभार हवाली केला म्हणजे फर्मवेअरचे काम संपले असे होत नाही. जाता जाता ते नव्या प्रणालीच्या हाती काही दस्तऐवज देते. पहिला दस्तऐवज मेमरीच्या नकाशाचा : अमुक जागा मोकळी आहे, अमुक जागा राखीव आहे, तीत हात घालू नये. दुसरा दस्तऐवज एसीपीआयचा. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ साली ही पद्धत मांडली. पंखा, बॅटरी, झोप, वीजबचत, कोणत्या उपकरणाची हाक कोणत्या वाटेने प्रोसेसरपर्यंत पोचते, ही सर्व माहिती या तक्त्यांत असते. शिवाय हे तक्ते निव्वळ आकड्यांचे नसतात. त्यांत छोटे छोटे कार्यक्रमही लिहिलेले असतात आणि प्रणालीने ते निमूटपणे चालवावेत अशी अपेक्षा असते.

जमिनीचा व्यवहार केलेल्यांस ही गोष्ट चटकन कळेल. सातबारावर एखादा तुकडा पडीक म्हणून नोंदलेला असतो आणि प्रत्यक्षात तेथे कोणाचे तरी घर उभे असते. जुना मालक त्या बाजूला कधी फिरकतच नव्हता, म्हणून तंटा झाला नाही. नवा मालक उतारा प्रमाण मानून कुदळ घेऊन गेला की ठिणगी पडते. जुन्या संगणकावर नवी प्रणाली अडते ती नेमकी अशी. ज्या वर्षी ते मशीन कारखान्यातून निघाले त्या वर्षीच्या विंडोजवर ते चालले, एवढे पाहून कारखानदाराने त्याला बाजारात पाठविले. तक्त्यांत राहून गेलेली चूक त्या प्रणालीला कधी बोचलीच नाही. नवी प्रणाली दस्तऐवज बारकाईने वाचते, आणि म्हणूनच अडखळते.

याचा एक गमतीचा पुरावा देण्यासारखा आहे. एसीपीआयच्या तक्त्यांत 'तू कोणती प्रणाली आहेस?' असा प्रश्न विचारण्याची सोय असते. पुष्कळ फर्मवेअर 'विंडोज आहेस काय?' असे विचारते आणि उत्तराप्रमाणे आपली वागणूक बदलते. लिनक्स या प्रश्नाला 'होय' म्हणते! खोटे बोलण्याची हौस म्हणून नव्हे, तर फर्मवेअरचा तपासून पाहिलेला असा तेवढाच रस्ता असतो म्हणून. 'मी लिनक्स' असे खरे सांगावे तर कोणी न चाललेल्या आडवाटेला लागण्याची भीती.

हे दुखणे एकट्या लिनक्सचे आहे असेही कोणी समजू नये. विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा जुन्या मशीनवर ती टाकताना निळा पडदा येऊन एसीपीआय बायोसची चूक असल्याचा संदेश झळके. त्या काळी जाणकार मंडळी इन्स्टॉलर एफ-६ कळ दाबण्याविषयी विचारी तेव्हा मुद्दाम एफ-७ दाबीत. तेवढ्याने एसीपीआय बाजूला ठेवून पुढचे काम होई.

काही गाजलेली उदाहरणे

२००३ च्या ऑक्टोबरात मॅन्ड्रेक लिनक्सची ९.२ ही आवृत्ती निघाली. ती टाकताच काही लोकांचे एलजी कंपनीचे सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे बंद पडू लागले. चौकशीअंती कारण निघाले ते असे : प्रणालीने ड्राइव्हला 'तात्पुरती साठवण रिकामी कर' अशी साधी, प्रमाण आज्ञा पाठविली होती. वाचण्यापुरत्या ड्राइव्हला ती लागू नसेल तर त्याने 'हे मला येत नाही' असे सांगून मोकळे व्हावे, असा संकेत आहे. परंतु त्या ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये तीच आज्ञा 'नवे फर्मवेअर लिहून घे' या अर्थाने वापरलेली होती. पुढे कंपनीने दुरुस्ती दिली. ज्याने सीडी घातली त्याचा यात दोष काय? पण गावोगावच्या दुकानांत दोष त्यालाच दिला गेला असणार.

दुसरे उदाहरण लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या टेबलावरच्या संगणकाचे. त्यावर फेडोरा लिनक्स व्यवस्थित टाकले जाई, पण नंतर मशीन त्यातून सुरूच होत नसे. मॅथ्यू गॅरेट या तंत्रज्ञाने २०१२ च्या नोव्हेंबरात त्याचा उलगडा केला. यूईएफआयमध्ये प्रत्येक प्रणालीच्या नोंदीला एक नाव देता येते. ते नाव माणसाला वाचण्यासाठी असते, यंत्राने त्यावरून काही ठरवू नये. या मशीनचे फर्मवेअर मात्र ते नाव तपासत होते आणि 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स' यांपैकी एक असेल तरच पुढे जात होते. आत येणाऱ्याचे काम न पाहता त्याचे आडनाव विचारून दार लावून घेण्याचाच हा प्रकार. नोंदीचे नाव बदलले की तेच लिनक्स त्याच मशीनवर बिनतक्रार सुरू होई.

त्याही आधी, २०००-०१ च्या सुमारास, आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपवर फ्रीबीएसडी प्रणाली टाकली की मशीन सुरू होतानाच गोठे. त्या प्रणालीच्या डिस्कवरील विभागाला बायोस चुकून आपलाच 'झोपताना मेमरी साठविण्याचा विभाग' समजे आणि तो वाचण्याच्या नादात अडकून पडे.

अडले कोठे, ते आधी पाहावे

डॉक्टर रोग्याला 'दुखते कोठे' असे आधी विचारतो. येथेही तेच करावे. मशीन कोणत्या टप्प्यावर थांबले, यावरून निम्मे निदान होते.

पेनड्राइव्हची दखलच घेतली जात नसेल तर प्रथम सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू आहे काय, आणि सुरू होण्याची पद्धत जुनी म्हणजे लेगसी आहे की यूईएफआय, हे पाहावे. एक विचित्र जात येथे सांगून ठेवतो. २००६-०७ च्या सुमाराचे ॲपलचे काही मॅक आणि २०१३-१४ मधील इंटेलच्या बे-ट्रेल ॲटम प्रोसेसरचे स्वस्त टॅबलेट व छोटे लॅपटॉप यांत प्रोसेसर ६४ बिटांचा, पण फर्मवेअर ३२ बिटांचे असते. ६४ बिटांचा नेहमीचा पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २०१४ सालच्या ३.१५ या आवृत्तीपासून अशा जोडीची सोय झाली आणि डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून आपल्या इन्स्टॉलरमध्ये ती आणली. तेव्हा पेनड्राइव्ह खराब म्हणून तीन वेळा नवा बनविण्यापेक्षा डेबियनचा एकदा लावून पाहावा.

यादी दिसते, निवड केली की पडदा काळा होतो, हा सर्वांत नेहमीचा प्रकार. येथे मशीन बहुधा चालूच असते, फक्त चित्र दाखविणाऱ्या भागाचा कारभार फर्मवेअरकडून नव्या प्रणालीकडे जाताना बिघडलेला असतो. यादीवर असताना 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जावे आणि एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टंकावा. मग कंट्रोल व एक्स एकदम दाबावे, किंवा एफ-१० दाबावे. जुन्या लेगसी पद्धतीच्या काही इन्स्टॉलरांत 'ई'ऐवजी टॅब कळ लागते. ही खूण केवळ त्या एका खेपेपुरती असते, तिने डिस्कवर काहीही लिहिले जात नाही, म्हणून मनात भीती बाळगण्याचे कारण नाही.

ओळी धावतात आणि मध्येच गोठतात, त्या वेळी आधी त्या ओळी दिसू द्याव्यात. बहुतेक वितरणे 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द घालून त्या झाकतात, ते दोन्ही शब्द त्याच जागी जाऊन पुसावेत. आता मशीन गोठले की मोबाईलने पडद्याचा फोटो काढावा. लिनक्सला फर्मवेअरची चूक आढळली तर ते चौकटी कंसात 'फर्मवेअर बग' असे शब्द घालून तसे लिहिते. एसीपीआयच्या तक्त्यात चूक असेल तर 'एसीपीआय बायोस एरर' असे लिहिते. मात्र असा शब्द दिसला म्हणजे गुन्हेगार सापडला असे नव्हे. चांगल्या चालणाऱ्या संगणकांवरही अशा दोन-चार ओळी असतातच. थांबण्याच्या अगदी आधीची ओळ कशाविषयी आहे, ते महत्त्वाचे.

मग एकेक खूण लावून पाहावी, आणि सौम्य औषध आधी हा नियम पाळावा. 'पीसीआय=नोएसीपीआय' ही खूण उपकरणांच्या हाकांच्या वाटा ठरविण्यापुरते एसीपीआयचे ऐकू नको असे सांगते. 'नोएपिक' आणि 'नोलॅपिक' या खुणा हाका वाटून देणाऱ्या दोन भागांना बाजूला ठेवतात. प्रणालीने आपण कोण आहोत हे काय सांगावे, तेही 'एसीपीआय_ओएसआय' या खुणेने बदलता येते. उदाहरणार्थ, विंडोज ७ च्या काळातील मशीनला 'विंडोज २००९' असे उत्तर दिले की ते कधी कधी ताळ्यावर येते, कारण एसीपीआयच्या भाषेत विंडोज ७ चे नाव तेच आहे. बे-ट्रेलच्या मशीनचे गोठणे निराळे असते. तेथे प्रोसेसरला फार गाढ झोपू न देण्याची खूण उपयोगी पडते.

सर्वांत शेवटी 'एसीपीआय=ऑफ'. आम्ही पाहतो की पुष्कळ दुकानदार आणि हौशी मुले सुरुवातच येथून करतात. मशीन चालू झाले की खूश होऊन ते तसेच गिऱ्हाइकाच्या हाती देतात. हे आम्हांस मान्य नाही. एसीपीआय पूर्ण बंद केले म्हणजे बॅटरी किती उरली ते कळत नाही, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपत नाही, बंद करताना वीज आपोआप तुटत नाही, काही मशीनवर पंखा आणि तापमान यांचा मेळ राहत नाही आणि अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरचा एकच गाभा कामाला लागतो. ही खूण निदानासाठी उत्तम : ती लावताच मशीन चालले तर दोष एसीपीआयच्या तक्त्यांत आहे एवढे निश्चित होते. ते कळले की तिला काढून सौम्य खुणांकडे परत यावे.

इन्स्टॉल निम्मे होऊन थांबते, आणि दर खेपेस निराळ्या जागी थांबते, तेथे मात्र फर्मवेअरला दोष देण्याची घाई करू नये. फर्मवेअरची चूक साधारणपणे त्याच जागी पुन्हा पुन्हा भेटते. जागा बदलत असेल तर मेमरीची पट्टी, डिस्क किंवा खुद्द पेनड्राइव्ह यांवर संशय घ्यावा. मेमटेस्ट हा कार्यक्रम रात्रभर चालू ठेवावा. पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून परत बसवावी. याने बरी झालेली मशीन आम्ही मोजणे सोडून दिले आहे.

आणि प्रोसेसरचीच अडचण असेल तर खुणांचा उपयोग नाही. तपासणी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसविणारे पुष्कळ आहेत. परंतु तिच्या २०२४ सालच्या २४एच२ या आवृत्तीला प्रोसेसरच्या काही नव्या आज्ञा लागतात, त्या ज्याला येत नाहीत त्यावर ती सुरूच होत नाही. तसेच ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या साध्या प्रोसेसरसाठी इन्स्टॉलर देणे थांबविले. असे मशीन फर्मवेअरच्या मागे लागून सुधारणार नाही.

उरला शेवटचा प्रकार : सर्व पार पडते, पण मशीन पुन्हा सुरू केले की प्रणाली सापडत नाही. बऱ्याच वेळा पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झालेला असतो आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीने शोधली जाते. दोन्हीकडे लेगसी, नाहीतर दोन्हीकडे यूईएफआय, असे करून पुन्हा टाकावे. तरीही दाद नसेल तर वर सांगितलेल्या आडनावाच्या उदाहरणाची आठवण ठेवावी. अशा हट्टी फर्मवेअरसाठी एक सर्वमान्य आडजागा आहे : यूईएफआयच्या छोट्या विभागात 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाईल. काढता येण्याजोग्या पेनड्राइव्हसाठी ठरलेली ही जागा, पण जिला दुसऱ्या नोंदी समजत नाहीत अशी मशीनही ही जागा पाहतात. डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञ पद्धतीने चालविला तर 'तेथेही एक प्रत ठेवू काय?' असे विचारतो. तेथे होय म्हणावे.

तीन व्होल्टचा सेल

आता जी गोष्ट सांगणार आहोत तिला कोणी मोठे तंत्रज्ञान म्हणणार नाही, पण आमच्या मते जुन्या संगणकांपैकी पुष्कळ याच कारणाने वाया जातात. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर२०३२ असे लिहिलेले असते आणि तो ३ व्होल्टचा असतो. घड्याळ चालू ठेवणे आणि बऱ्याच मशीनवर सेटअपमधील निवडी लक्षात ठेवणे ही कामे त्याच्या जिवावर चालतात. दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये तो संपलेला असतोच असे धरून चालावे.

आमच्या पाहण्यातले एक मशीन असे होते. संध्याकाळी सर्व व्यवस्थित टाकून दिले, मुलांनी दोन तास वापरले. सकाळी निळा पडदा आणि 'बूट करण्याची डिस्क हाती लागत नाही' असा संदेश. पुन्हा टाकले, संध्याकाळी चालले, सकाळी पुन्हा तेच. दुकानात नेले तर त्यांनी दुपारभर चालवून पाहिले, दोष सापडला नाही, तरीही हार्ड डिस्क बदलावी लागेल असे सांगितले. डिस्क निर्दोष होती. खोलीचे कुलूप लावताना रोज रात्री मुख्य स्विच बंद केला जाई, हे त्यातले गमक होते. भिंतीतून वीज येत होती तोवर संपलेल्या सेलचे काम त्या विजेवर भागत होते. रात्री ती तुटली की सेटअप विसरून जाई आणि डिस्क चालविण्याची पद्धत एएचसीआयवरून कारखान्यातल्या जुन्या आयडीई पद्धतीवर परत येई. प्रणाली टाकली एका पद्धतीने, सकाळी डिस्क दाखविली जाते दुसऱ्याच पद्धतीने, मग ती ओळखणार कशी? नवा सेल आला चहा-वडापावच्या खर्चात. एएचसीआय पुन्हा निवडले, तारीख लावली, आणि ते मशीन त्यानंतर अडले नाही.

तारखेचाही असाच घोटाळा असतो. सेल गेलेले मशीन दर वेळी फर्मवेअरच्या जन्मवर्षाला परत जाते. मग इंटरनेटवरील प्रत्येक सुरक्षित पान प्रमाणपत्र वैध नाही म्हणून नाकारले जाते, आणि लिनक्स नव्या सॉफ्टवेअरची यादी 'अजून वैध झालेली नाही' म्हणून घेत नाही. मुले समजतात की नेट बंद आहे. तेव्हा कोणतेही जुने मशीन हाती आले की पेनड्राइव्ह लावण्याआधी वायर काढून सेल बदलावा, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवावी, आणि सेटअपमध्ये जाऊन तारीख, डिस्कची पद्धत व सुरू होण्याची पद्धत या तीन गोष्टी लावाव्यात. लॅपटॉपमध्ये हा सेल पुष्कळदा प्लॅस्टिकात गुंडाळून दोन तारांनी जोडलेला असतो, तो तसाच जोडणीसह मागवावा.

फर्मवेअर बदलणे : शेवटचा उपाय

चूक फर्मवेअरमध्ये असेल तर फर्मवेअरच नवे का टाकू नये, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आला असेल. टाकावे, पण शेवटी. कारखानदाराच्या सूचीत त्याच मॉडेलसाठी नंतरची आवृत्ती असेल, आणि तिच्या टिपणात आपल्या दुखण्यासारखे काही लिहिलेले असेल तर जरूर टाकावे. नवे आहे म्हणून टाकू नये. लिहिणे चालू असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट कार्यक्रम राहतो आणि मशीन पडद्यावर एक अक्षरही दाखवीत नाही. आपल्याकडे भारनियमन आणि अवकाळी पाऊस यांचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. मॉडेलचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवावा. काही मशीनवर दोन प्रती असतात किंवा पेनड्राइव्हवरून परत आणण्याची सोय असते, नसेल तर चिपला बाहेरून प्रोग्रामर लावून ती लिहावी लागते. ते काम जाणकाराचे.

ही चिप किती नाजूक असते, याचा अनुभव जगाने पुन्हा पुन्हा घेतला आहे. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने असंख्य मशीनच्या बायोसवर कचरा लिहून ती निकामी केली. २०१३ च्या जानेवारीत सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर यूईएफआय पद्धतीने लिनक्स सुरू करताच ते कायमचे बंद पडल्याचे उघडकीस आले. पुढे असेही दिसून आले की, नोंदी साठविण्याची छोटी जागा भरून गेली की तेच लॅपटॉप विंडोजमधूनही मरू शकतात. म्हणजे दोष फर्मवेअरचा होता. आणि २०१७ च्या डिसेंबरात खुद्द उबुंटूला आपल्या १७.१० या आवृत्तीची सीडी-प्रतिमा काही काळ मागे घ्यावी लागली. तीमधील इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे काही लेनोवो आणि इतर लॅपटॉपची बायोस-चिप लिहिण्यास बंद होत होती. सेटअपमधील बदल टिकेनात, काहींना तर पेनड्राइव्हवरून सुरू होणेही जमेना. तो ड्रायव्हर वगळून नवी प्रतिमा काढण्यात आली. म्हणून जुन्या मशीनसाठी वितरण निवडताना काल निघालेल्या आवृत्तीपेक्षा दीर्घ आधाराची, काही महिने लोकांच्या हातातून गेलेली आवृत्ती घ्यावी, हे बरे. लिनक्समध्ये २०१५ पासून एफडब्ल्यूयूपीडी नावाचे एक साधन आहे, ते कारखानदाराने दिलेले फर्मवेअर थेट उतरवून घेते. मात्र दहा वर्षांपलीकडची मशीन त्याच्या यादीत क्वचितच सापडतात.

कामाची वही

एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. दोन खुणा एकदम लावल्या आणि मशीन चालले, तर कोणत्या खुणेने चालले ते कळत नाही, मग नको असलेली खूणही जन्मभर चिकटून राहते. वहीत मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती व तारीख, सुरू होण्याची पद्धत, डिस्कची पद्धत, लावलेली खूण आणि झालेला परिणाम, एवढे रकाने पुरेत. फर्मवेअरची आवृत्ती सेटअपच्या पहिल्याच पानावर असते. एकाच कार्यालयातून आलेली मशीन बहुधा एकाच मॉडेलची असतात. पहिल्याला तीन संध्याकाळ लागल्या तर बाकीच्यांना अर्धा अर्धा तास पुरतो, तो या वहीमुळेच.

उपयोगी ठरलेली खूण कायम करावी लागते, नाहीतर इन्स्टॉलनंतर पहिल्याच वेळी मशीन पुन्हा गोठते आणि सर्व श्रम फुकट गेले असे वाटते. उबुंटू, डेबियन यांत 'ग्रब' नावाच्या मांडणीच्या फाईलमध्ये ती लिहून 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. हे झाले की एका कागदावर तीच खूण, सेल बदलल्याची तारीख आणि सेटअपमधील निवडी लिहून तो कागद कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा. पुढच्या खेपेस झाकण उघडणारा आपणच असू असे नाही.